टचस्क्रीन इनपुट की आउटपुट? आधी संगणकाच्या बाजूला जाऊन उभे राहा

प्रश्न एका ताईंचा आहे. सातवीतल्या मुलीला चाचणीत विचारलं, 'टचस्क्रीन हे इनपुट उपकरण आहे की आउटपुट?' तिने लिहिलं 'दोन्ही'. बाईंनी अर्धा गुण कापला, कारण वहीत 'इनपुट' लिहून दिलं होतं. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत. या दोन्हींतला फरक नेमका काय, पेन ड्राइव्ह मग कशात धरायचा, आणि जाता जाता, घरचा प्रिंटर स्कॅन करतो पण छापत नाही, तो भंगारात द्यायचा का?

मी बावीस वर्षं संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. मधली काही वर्षं संध्याकाळी क्लासही घेतला. फळ्यावर दोन रकाने आखून डावीकडे कीबोर्ड, माउस, स्कॅनर, माइक आणि उजवीकडे मॉनिटर, प्रिंटर, स्पीकर असं मीही शेकडो वेळा लिहून दिलं आहे. परीक्षेला ते पुरतं. दुकानाच्या काउंटरवर मात्र त्या दोन रकान्यांनी मला पहिल्याच वर्षी दगा दिला, म्हणून उत्तर जरा लांबेल.

व्याख्या सोपी आहे. संगणकाला जे देतं ते इनपुट, संगणकाकडून जे घेतं ते आउटपुट. मुलं अडखळतात ती 'देणं' आणि 'घेणं' या शब्दांवर. मराठी पुस्तकांत यांना आदान आणि प्रदान असेही शब्द भेटतात. आदान म्हणजे घेणं, प्रदान म्हणजे देणं. माझ्या क्लासमधला एक मुलगा दरवेळी उलटं लिहायचा. विचारलं तर म्हणाला, "सर, कीबोर्डवर अक्षर मी देतो, मग ते प्रदानच झालं ना?" त्याचं चुकत नव्हतं. तो फक्त स्वतःच्या बाजूने बघत होता. त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, म्हणून त्याला म्हटलं, तुमच्या वहीत गिऱ्हाइकाची उधारी 'येणे' लिहिता, गिऱ्हाइकाच्या वहीत तीच 'देणे' असते. रक्कम तीच, वही कोणाची ते आधी ठरवायचं. इथे वही संगणकाची. तो घेतो ते आदान, तो देतो ते प्रदान. त्यानंतर तो कधी चुकला नाही.

यूएसबी बनवणाऱ्यांनीही हीच वही धरली आहे. यूएसबीच्या नियमांत 'इन' आणि 'आउट' हे शब्द कायम संगणकाच्या बाजूने वापरले जातात. उपकरणाकडून संगणकाकडे जातं ते 'इन', मग ते उपकरणाच्या दृष्टीने बाहेर जाणं का असेना.

इथवर सगळं नीट आहे. गडबड पुढे होते, कारण आपण नाव डब्याला देतो आणि एका डब्यात अनेकदा दोन्ही कामं चालतात.

कीबोर्डच घ्या. पहिल्या रकान्यातलं पहिलं नाव, त्याच्याबद्दल कोणाला शंका नसते. आता कॅप्स लॉक दाबा. कोपऱ्यातला छोटा दिवा लागला. तो कोणी लावला? बहुतेकांना वाटतं कीबोर्डने स्वतःच. तसं नाही. कीबोर्ड फक्त 'अमुक जागेची कळ दाबली गेली' एवढंच कळवतो. ती कॅप्स लॉकची आहे आणि आता दिवा लावायचा, हे संगणकावरची विंडोज किंवा लिनक्स ठरवते आणि उलट निरोप धाडते. यूएसबी कीबोर्डचा जो साधा नमुना नियमावलीत दिला आहे, त्यात कळांसाठी ८ बाइटचा निरोप संगणकाकडे जातो आणि दिव्यांसाठी १ बाइटचा निरोप परत येतो. पहिल्याला तिथे इनपुट रिपोर्ट म्हणतात, दुसऱ्याला आउटपुट रिपोर्ट. म्हणजे कीबोर्डवर मूठभर का होईना, आउटपुट आहे.

याचा उपयोग काय, तर माझं पोट त्यावर चालतं. फोन येतो, "संगणक सुरू होतो, पण पडदा काळा." मी आधी एवढंच सांगतो, दोन मिनिटं थांबा आणि कॅप्स लॉक दाबून बघा. दिवा लागतोय-विझतोय? मग आतला कारभार चालू आहे; दोष मॉनिटर, त्याची केबल किंवा डिस्प्ले कार्डाकडे. दिवा ढिम्म हलत नाही? मग संगणक स्वतःच अडकला आहे किंवा उठलाच नाही, आणि मशिन दुकानात आणावं लागेल. मोठं आउटपुट बंद पडलं तरी छोटं आउटपुट बोलतं. (काही बिनतारी कीबोर्डांना हा दिवाच नसतो, तिथे ही युक्ती चालत नाही.)

जुन्या मशिनवर एक संदेश यायचा. कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा. कीबोर्डच नाही तर एफ-वन कुठली दाबणार? क्लासमध्ये हा विनोद सांगितला की हसणाऱ्या मुलांना इनपुट समजलेलं असायचं आणि न हसणाऱ्यांना मी पुन्हा शिकवायचो.

आता उलट बाजू, मॉनिटर. आउटपुटचा राजा. पण मॉनिटर जोडताक्षणी तोही संगणकाला एक निरोप देतो. मी अमुक कंपनीचा, माझा पडदा इतक्या ठिपक्यांचा, मला इतक्या वेगाने चित्र चालतं. ही साधारण १२८ बाइटची ओळखचिठ्ठी असते. ती वाचून संगणक चित्राचा आकार ठरवतो. एकदा एका कार्यालयातून नवा कोरा मॉनिटर परत आला. १९२० बाय १०८० चा, पण १०२४ बाय ७६८ च्या वर जाईना, अक्षरं फुगलेली. तिथल्या साहेबांनी 'माल खराब' असा शेरा मारून टाकला होता. दोष निघाला निळ्या व्हीजीए केबलमध्ये. १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिना ही चिठ्ठी वाहतात, त्यातली एक वाकून आत गेली होती. रंगांच्या तारा शाबूत, म्हणून चित्र येत होतं. चिठ्ठी पोचत नव्हती, म्हणून संगणक अंदाजाने चालला होता. चिमट्याने पिन सरळ केली, पैसे घेतले नाहीत, फक्त तो शेरा खोडायला लावला.

प्रिंटरही 'कागद संपला', 'शाई कमी' असं कळवतोच. मग मॉनिटर आणि प्रिंटर इनपुट झाले का? नाही. तारेतून वीज कुठल्या दिशेला गेली यावर हे ठरत नाही. माणसाची, जगाची माहिती संगणकात शिरते आहे की संगणकाने काढलेलं उत्तर जगात उतरतं आहे, हे बघायचं. मॉनिटरची ओळखचिठ्ठी हे दोन यंत्रांमधलं रामराम-श्यामश्याम आहे. ते असल्याशिवाय काम होत नाही, पण ते काम नव्हे.

फसवायला आणखी एक आवडता प्रश्न, ऑप्टिकल माउसखालचा लाल दिवा. तो आउटपुट का? चांगली मुलंही 'हो' म्हणतात. पण तो दिवा तुमच्यासाठी नाहीच. खालचा पृष्ठभाग उजळावा म्हणून आहे. शेजारचा चिमुकला कॅमेरा त्या उजेडात सेकंदाला हजारो चित्रं टिपतो आणि आधीच्या चित्राशी ताडून माउस किती सरकला ते काढतो. स्वच्छ काचेवर साधा माउस चालत नाही तो याचमुळे. टिपायला खूणच नसते. स्कॅनरमधली सरकणारी पट्टीही तशीच, वाचायला लावलेला कंदील. कॅप्स लॉकचा दिवा संगणकाचं म्हणणं सांगतो, माउसचा दिवा काहीच सांगत नाही.

माउसवर आहोत तर हेही. माउस संगणकाला 'बाण अमुक ठिकाणी आहे' असं कधीच सांगत नाही. तो म्हणतो, 'इतकं उजवीकडे, इतकं वर'. बाण संगणक काढतो, पडद्यावर. म्हणून माउस उचलून दुसरीकडे ठेवला तर बाण जागचा हलत नाही. अमेरिकी संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांच्या चमूने १९६४ च्या सुमाराला केलेला पहिला माउस लाकडी ठोकळ्याचा होता, खाली काटकोनात दोन चाकं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. तेव्हाही विभागणी हीच होती, हात टेबलावर आणि बाण पडद्यावर.

आता टचस्क्रीन. मोबाइल दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात पाच मिनिटं उभे राहा, उत्तर कानावर पडेल. "टच गेलाय की डिस्प्ले गेलाय?" हा कारागिराचा पहिला प्रश्न असतो. फोन पडला, चित्र स्वच्छ दिसतं, पण बोट लावून काही होत नाही, म्हणजे टच गेला. फोन वाजतो, अंदाजाने बोट फिरवलं तर उचललाही जातो, पण पडदा काळा, म्हणजे डिस्प्ले गेला. एकावर एक ठेवलेली ही दोन वेगळी उपकरणं आहेत. वरचा पारदर्शक थर बोटामुळे बदलणारा विद्युतभार ओळखतो, तो इनपुट. खालचा थर चित्र दाखवतो, तो आउटपुट. दोघांच्या जोडणीच्या पट्ट्यासुद्धा पूर्वी वेगळ्या असत. हल्ली बहुतेक फोनांत दोन्ही थर चिकटवूनच येतात, म्हणून फक्त काच किंवा टच गेला तरी कारागीर अख्खा फोल्डर, म्हणजे टच-डिस्प्लेचा जोड, बदलायला सांगतो आणि आपल्याला वाटतं तो लुटतोय. काही वेळा लुटतोही, ते वेगळं.

तेव्हा ताई, मुलीचं 'दोन्ही' बरोबर आहे. बाईंशी भांडू मात्र नका. बऱ्याच पुस्तकांनी टचस्क्रीन इनपुटच्या यादीत टाकला, कारण पडदा आधीपासून होताच, नवं आलं ते स्पर्श ओळखणं. मुलीला एवढंच सांगा, की पुढच्या वेळी 'दोन्ही' लिहून थांबू नकोस. 'स्पर्श ओळखणारा थर इनपुट, चित्र दाखवणारा थर आउटपुट' असं एक ओळ जास्त लिही. मग गुण कापायला बाईंचाही हात धजणार नाही.

यापुढचं परीक्षेत येत नाही, पण मराठीत टाइप करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी छळतं. कीबोर्ड कळवतो ती कळेची जागा, अक्षर नव्हे, असं वर म्हटलं. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत 'पुणे' लिहायला मी इंग्रजी एच, जी, शिफ्टसह सी आणि एस या कळा दाबतो. कीबोर्डच्या लेखी मी एच-जी-सी-एसच्या जागा दाबल्या, त्याला पुणं ठाऊक नाही. 'पुणे' होतं ते मधे, संगणकात, कारण मी तिथे मराठी मांडणी निवडलेली असते. तोच कळफलक, त्याच कळा, मांडणी बदलली की शब्द बदलतो. "कीबोर्ड खराब झालाय, भलतीच अक्षरं येतात" म्हणून आणलेले निम्मे कीबोर्ड मी नुसती मांडणी बदलून परत दिले आहेत.

पुढची गंमत ऱ्हस्व वेलांटीची. 'कि' लिहिताना डोळ्याला वेलांटी आधी दिसते आणि क नंतर. इनस्क्रिप्टमध्ये आधी क दाबायचा, मग वेलांटी, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, साठवणही त्याच क्रमाने होते. वेलांटी उडी मारून डावीकडे जाऊन बसते ती फक्त चित्र काढताना. रफाराचंही तेच. 'सूर्य'मधला र य-च्या आधी दाबायचा आणि आधीच साठतो, दिसतो मात्र य-च्या डोक्यावर. टाइपरायटरवर हात बसलेल्या मंडळींना हे पटायला वेळ लागतो, कारण टाइपरायटरला मधला टप्पाच नव्हता. कळ दाबली की खिळा थेट कागदावर. तिथे इनपुट आणि आउटपुट एकाच लोखंडी दांड्याची दोन टोकं. म्हणून वेलांटी आधी मारावी लागायची, क नंतर. संगणकाने त्या दांड्याचे दोन तुकडे केले आणि मधे स्वतः येऊन बसला.

हा मधला टप्पा न ओळखल्यामुळे मराठी डीटीपीवाल्यांनी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांनी, काय सोसलं ते मी बघितलं आहे. युनिकोड रुळण्याआधीचे जे मराठी फॉन्ट होते, त्यांत फाइलीत साठायचे ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक. फॉन्ट त्या जागी देवनागरी आकार काढायचा. पडद्यावर झकास मराठी, कागदावर झकास मराठी. तीच फाइल दुसऱ्या मशिनवर नेली, तिथे तो फॉन्ट नसला, की पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. एका पतसंस्थेचा अहवाल छपाईच्या आदल्या रात्री असाच उघडला होता. संचालक मंडळ माझ्याकडे, "व्हायरस आलाय" म्हणत. व्हायरस कसला? त्या फाइलीत मराठी कधी नव्हतीच. मराठी होती ती फक्त आउटपुटमध्ये. त्यांच्या जुन्या मशिनवरून तो फॉन्ट आणून बसवला आणि अहवाल जागेवर आला. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले, ०९०० ते ०९७एफ, आणि मराठी एकदाची फाइलीत राहायला आली. कीबोर्ड, फॉन्ट आणि साठवण या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे ज्याला कळलं, त्याची मराठी टायपिंगची निम्मी दुखणी तिथेच संपतात. 'मला मराठी फॉन्ट टाकून द्या' म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकाला दहातल्या आठ वेळा फॉन्ट नको असतो, कीबोर्डची मांडणी हवी असते. मागतो आउटपुट, अडलेलं असतं इनपुट.

पेन ड्राइव्हकडे येतो. शाळेच्या उत्तरपत्रिकेत लिहायचं 'साठवणूक साधन', इनपुटही नाही, आउटपुटही नाही. त्यातून वाचतो तेव्हा इनपुट आणि लिहितो तेव्हा आउटपुट, असं तावातावाने मांडणारे भेटतात, आणि तारेकडे बघितलं तर त्यांचं खोटंही नाही. पण पेन ड्राइव्ह तुमच्याकडून काही ऐकत नाही आणि तुम्हाला काही सांगत नाही. ते कपाट आहे. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये एडव्हॅक संगणकाचा जो आराखडा लिहिला, त्यातही गणिताचा भाग, नियंत्रणाचा भाग, स्मृती, इनपुट आणि आउटपुट यांखेरीज 'बाहेरचं नोंदीचं माध्यम' वेगळं धरलं होतं. छिद्रांची कार्डं, चुंबकीय तार, पट्टी यांतलं काहीही. इनपुट म्हणजे त्या माध्यमातून आत आणणारा अवयव, आउटपुट म्हणजे आतून त्यावर उतरवणारा. कार्ड वेगळं, कार्ड वाचणारं यंत्र वेगळं. आजच्या भाषेत, मेमरी कार्ड वेगळं आणि कार्ड रीडर वेगळा. मोडेम आणि नेटवर्क कार्ड मात्र दोन्हीकडे वाहतात. त्यांना संपर्क साधन म्हणून मोकळं व्हावं.

कार्डांचा विषय निघालाच आहे तर एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयबीएमने १९२८ मध्ये जे छिद्रांचं कार्ड आणलं त्यावर ८० रकाने होते. पुढे पडदे आले तेव्हा त्यांच्यावरही एका ओळीत ८० अक्षरं बसवण्याची चाल पडली, आणि जुन्या विंडोजची काळी कमांड खिडकी उघडलीत तर तीही ८० अक्षरं रुंद असायची. इनपुटच्या कागदाचं माप आउटपुटच्या काचेने उचललं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक पूर्ण झाला. त्याला आलेख आणि अक्षरं दाखवण्यासाठी कॅथोड रे ट्यूबचा पडदाही जोडला होता. त्या काळात ते अप्रूपच.

शिकवायला सगळ्यात सोयीचं उदाहरण मला मतदान यंत्राचं वाटतं, कारण ते प्रत्येक मोठ्या माणसाने हाताळलेलं असतं. बॅलट युनिटवरचं निळं बटण दाबलं, ते इनपुट. उमेदवाराच्या नावापुढचा लाल दिवा आणि लांब 'बीप', ते आउटपुट. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी ७ सेकंद दिसते, मग कापून खाली पडते, तेही आउटपुट. आता विचारा, दिवा आणि बटण एकाच युनिटवर आहेत, मग बॅलट युनिट इनपुट की आउटपुट? वर्गात इथे शांतता पसरायची आणि मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, "सर, डबा नाही, बटण आणि दिवा वेगळे मोजायचे." झालं, धडा संपला.

बारकोड स्कॅनरही असाच बहुरूपी. त्याचं दिसणं बंदुकीसारखं, पण बहुतेक साधे स्कॅनर संगणकाला स्वतःची ओळख 'मी कीबोर्ड' अशीच करून देतात. नोटपॅड उघडा, बिस्किटाचा पुडा स्कॅन करा. १३ आकडे भराभर उमटतील आणि बहुधा कर्सर पुढच्या ओळीवर जाईल, कारण शेवटी तो एन्टरही मारतो. भारतात नोंदवलेल्या मालाचे आकडे ८९० ने सुरू होतात. किराणावाला 'बिलिंगचं सॉफ्टवेअर बिघडलं' म्हणून बोलावतो तेव्हा मी आधी नोटपॅड उघडतो. तिथे आकडे आले तर स्कॅनर ठणठणीत, सॉफ्टवेअर बघू. नाही आले तर सॉफ्टवेअरला कशाला शिव्या?

माइक आणि स्पीकर ही तर जुळी भावंडं. चुंबकाजवळ तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटलेला पडदा, ही साध्या स्पीकरची रचना. जुन्या धाटणीच्या माइकमध्येही हेच असतं. वीज दिली की पडदा हलून आवाज होतो, आवाज आदळला की पडदा हलून वीज निघते. क्लासमध्ये मी हेडफोनची पिन स्पीकरच्या हिरव्या भोकाऐवजी माइकच्या गुलाबी भोकात घालायचो आणि हेडफोनमध्ये बोलून रेकॉर्ड करून दाखवायचो. आवाज बारीक आणि विहिरीतून आल्यासारखा, पण यायचा. वस्तू तीच, भोक बदललं, काम बदललं. यानंतर 'हेडफोन हे इनपुट आहे की आउटपुट' असा प्रश्न मुलं मलाच टाकायची.

दुरुस्तीत या सगळ्याचा एकच उपयोग, दोष कुठल्या बाजूला आहे ते ठरवणं. मॉनिटरवर 'नो सिग्नल' आलं की लोक मॉनिटर उचलून आणतात. अहो, ती अक्षरं मॉनिटर स्वतः लिहितोय, म्हणजे तो शुद्धीवर आहे. त्याच्यापर्यंत काही पोचत नाही एवढंच त्याचं म्हणणं. केबल बघा, ती नीट असेल तर कॅबिनेट उघडून रॅम (मेमरीची पट्टी) काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून परत बसवा. वीजपुरवठा मात्र आधी काढा. हे खोडरबर माझ्या दुकानातलं सगळ्यात कमी किमतीचं आणि सगळ्यात जास्त कमावलेलं हत्यार.

आता तुमचा प्रिंटर. भंगारात देऊ नका, निदान लगेच नको. ज्याला आपण प्रिंटर म्हणतो ते ऑल-इन-वन यंत्र म्हणजे एका खोक्यात दोन बिऱ्हाडं. वर स्कॅनर, इनपुट. खाली प्रिंटर, आउटपुट. संगणकात डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या उपकरणांची यादी, उघडलं तर दोघांच्या नोंदीही वेगवेगळ्या दिसतात. वरचं बिऱ्हाड सुखात आहे हे तुम्ही स्वतःच सांगितलंत.

पहिलं काम, केबल काढा, संगणक बाजूला ठेवा. काचेवर छापील कागद ठेवून यंत्रावरचं कॉपीचं बटण दाबा, म्हणजे झेरॉक्स. यात संगणक मधे येत नाही, इनपुट आणि आउटपुट खोक्यातल्या खोक्यात भेटतात. झेरॉक्स नीट आली तर छपाईचा भाग ठीक आहे आणि दोष संगणकाकडे. बहुधा छपाईच्या रांगेत जुनं काम अडकून बसलं असेल. ती रांग पूर्ण रिकामी करा, प्रिंटर आणि संगणक दोन्ही बंद करून चालू करा. तेवढ्याने भागलं नाही तर ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवायला शिकवणारं सॉफ्टवेअर, काढून नव्याने टाका.

झेरॉक्स कोरी किंवा पट्ट्यापट्ट्यांची आली आणि प्रिंटर शाईचा असेल, तर सुट्टीत महिनाभर न वापरल्यामुळे हेडवर, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागावर, शाई सुकली असण्याची शक्यता जास्त. मेनूमधून नोझल चेकचं, म्हणजे हेडची बारीक भोकं तपासणारं, पान काढा. त्यात स्कॅनरचा काही संबंध नसतो. रेघा तुटलेल्या दिसल्या तर हेड क्लीनिंग द्या, दोनदा, फार तर तीनदा. त्यापुढे देत सुटू नका, कारण प्रत्येक वेळी शाई जाते ती आतल्या स्पंजात, आणि तो भरला की यंत्र रुसतं. तीनदा देऊनही रेघा आल्या नाहीत तर रात्रभर तसंच ठेवून सकाळी आणखी एकदा बघा. नंतर नोझल चेकचं ते पान जपून ठेवा आणि दुकानात जाताना यंत्राआधी तेच दाखवा. बरा कारागीर त्या पानावरूनच सांगेल, हेड धुऊन भागेल की बदलावं लागेल. नवं हेड जवळजवळ नव्या यंत्राच्या किमतीत जात असेल, तर ते घेऊ नका. स्कॅनर म्हणून हेच वापरा आणि छपाईसाठी कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान आहेच. फक्त एक आधी तपासा. काही मॉडेलं शाई संपली की हट्टाने स्कॅनही करत नाहीत.